स्टील गिटारचा स्पीकर बदलताना



विहिरीवरचा पंप जळाला तर आपण बाजारात जाऊन 'एक पंप द्या' एवढेच म्हणत नाही. विहीर किती खोल, पाणी किती उंच चढवायचे, पाइप किती इंची, वीज सिंगल फेज की थ्री फेज, हे सगळे सांगतो आणि मगच पंप घेतो. पण वाद्याच्या अँप्लिफायरमधला स्पीकर गेला, की भलेभले वादकसुद्धा दुकानात जाऊन म्हणतात, 'पंधरा इंची एक स्पीकर द्या, जरा जास्त वॅटचा.' दुकानदार देतो. महिनाभर तो वाजतोही. मग ऐन लग्नसराईत एखाद्या रात्री अँप्लिफायरमधून जळका वास येतो आणि स्पीकरच्या किमतीहून मोठा खर्च पुढे उभा राहतो. सुपारी जाते ती वेगळीच.

आज आपण स्टील गिटारच्या अँप्लिफायरला नवा स्पीकर कसा निवडायचा ते पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, स्टील गिटार आमच्या गावात कुणाकडे आहे? खरे आहे. पण एखाद्या ऑर्केस्ट्रात, एखाद्या प्रार्थनामंदिरात, एखाद्या हौशी मास्तरांच्या घरी ती असते. आणि इथे सांगितलेले बहुतेक नियम बेंजो पार्टीच्या अँप्लिफायरला आणि शाळेतल्या कीबोर्डच्या पेटीलाही लागू पडतात. तेव्हा ऐकून ठेवावे.

आधी वाद्याची ओळख. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर किंवा चौकटीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते. ती तारांवरून सरकवली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जातो. त्या पोलादी कांडीवरूनच 'स्टील' हे नाव पडले. हे वाद्य हवाई बेटांतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाने ही पद्धत रूढ केली असे मानतात. पुढे ती अमेरिकेत गेली. आणि एक गंमत सांगतो. बाजारात विक्रीला आलेली पहिली यशस्वी विजेची गिटार ही साधी गिटार नव्हतीच, ती स्टील गिटार होती. जॉर्ज बोशँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२च्या सुमारास ती काढली. तिच्या गोल अंगाला लांब दांडा जोडलेला असल्याने लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत.

आपल्याकडेही हे वाद्य परके राहिले नाही. ताऊ मो हे हवाईयन शैलीचे वादक १९४०च्या दशकात आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहिले आणि तिथे अनेकांनी हे वादन उचलले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारवर गाण्यांच्या धुना वाजवल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी याच वाद्यावर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. भारतीय माणसाला हे वाद्य एवढे जवळचे का वाटले? कारण त्यात मींड आहे. माणसाचा गळा जसा एका सुरातून दुसऱ्यात न तुटता जातो, तशी ही तार जाते.

आणि स्पीकरचा सगळा प्रश्न इथेच सुरू होतो.

साध्या विजेच्या गिटारला पुष्कळदा असा स्पीकर लावतात, की जो मोठ्या आवाजात किंचित फाटावा, घोगरा व्हावा. रॉक संगीतात तो घोगरेपणा हवाच असतो. तिथे स्पीकर हा वाद्याचाच एक भाग. स्टील गिटारचे तसे नाही. वादक दोन-तीन तारा एकदम छेडतो आणि ते सगळे सूर एकत्र घसरवतो. स्पीकर फाटू लागला, की त्या दोन-तीन सुरांच्या मिश्रणातून भलतेच, न वाजवलेले सूर तयार होतात, आणि मींड घेताना तेही इकडेतिकडे सरकतात. कानाला सगळे गढूळ लागते. म्हणून स्टील गिटारच्या स्पीकरचा पहिला गुण एकच: मोठ्यात मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणे. स्वतःचे काही मिसळायचे नाही. पुढचे सगळे आकडे आपण या एका गोष्टीसाठी तपासणार आहोत.

पण थांबा. नवा स्पीकर आणण्याआधी जुना खरोखर गेला आहे का, ते पाहायला हवे.

स्पीकरची रचना साधी असते. मागे एक जड चुंबक. चुंबकाच्या अरुंद फटीत बारीक तारेचे वेटोळे. वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. अँप्लिफायरमधून वीज आली की वेटोळे पुढेमागे हलते, शंकू हलतो, हवा हलते, आवाज होतो. हा आराखडा १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी मांडला आणि आजही मुळात तोच चालतो. म्हणजे बिघाडही तीनच प्रकारचे: वेटोळे जळणे किंवा तुटणे, वेटोळे फटीत घासणे, आणि शंकू फाटणे. आपल्याकडे चौथा प्रकारही आहे. गोदामात ठेवलेल्या पेटीत उंदीर शिरतात आणि कागद कुरतडतात! कोकणच्या पावसाळ्यात कागद सर्द होऊन मऊ पडतो, तेही लक्षात ठेवावे.

अँप्लिफायर बंद करा, प्लग भिंतीतून काढा, स्पीकरच्या दोन वायरी सोडवा. आता टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि त्याची टोके स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज येऊन शंकू किंचित उडाला, तर वेटोळे शाबूत आहे. काहीच झाले नाही, तर वेटोळे तुटले. मग दोन्ही हातांची बोटे शंकूवर समोरासमोर ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबा. खरखर लागली तर वेटोळे घासते आहे. मल्टीमीटर असेल तर ओहम मोजा. आठ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो; चार ओहमचा तीन-साडेतीन; सोळा ओहमचा अकरा ते तेरा. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. मीटर तारेचा नुसता रोध मोजतो. लेबलावरचा आकडा हा आवाजाच्या बदलत्या विजेसाठी असतो आणि तो जास्तच असतो.

शिक्षक मंडळींनी ही सेलची परीक्षा वर्गात जरूर करून दाखवावी. सेल उलटा धरला की शंकू बाहेर उडण्याऐवजी आत ओढला जातो. वीज आणि चुंबक यांचा धडा फळ्यावर अर्धा तास शिकवण्यापेक्षा हे एका मिनिटात मुलांना पटते. मोडका रेडिओ प्रत्येक गावात सापडतो. फक्त सेलच वापरायचा. घरातली वीज स्पीकरला कधीही लावू नये.

वेटोळे जळालेले निघाले, तर आणखी एक प्रश्न विचारा: ते का जळाले? ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर बिघडला की त्यातून कधीकधी सरळ एका दिशेची वीज स्पीकरमध्ये जाऊ लागते. अँप्लिफायर चालू करताच शंकू एका बाजूला जाऊन तिथेच अडकून राहतो, आणि वेटोळे तापून जळते. अशा अँप्लिफायरला नवा स्पीकर लावणे म्हणजे दुसरा बळी देणे. तेव्हा नवा स्पीकर लावण्याआधी मेकॅनिककडून स्पीकरच्या वायरींवरचे डी.सी. व्होल्ट तपासून घ्यावेत. ते शून्याच्या अगदी जवळ हवेत. पेटी स्वतः उघडू नये. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही वेळ शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात, आणि ते जिवावर बेततात.

आता निवडीकडे वळू. पहिला आकडा ओहमचा.

सेंट्रिफ्युगल पंप वापरणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. पाणी चढवायची उंची फार कमी झाली, की पंप जास्त पाणी फेकतो, मोटर जास्त अँपिअर खेचते आणि तापते. स्पीकरचे ओहम म्हणजे जणू ती उंची. ओहम कमी, तर अँप्लिफायरमधून वीज जास्त खेचली जाते. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर 'कमीत कमी ४ ओहम' असे लिहिलेले असेल, तर ४ चालेल, ८ चालेल, पण २ लावला की त्याचे ट्रान्झिस्टर जळण्याची भीती. ८ लावला तर धोका काही नाही; फक्त ताकद निम्म्याच्या आसपास येते.

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे शास्त्र वेगळे. तिथे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो ठरावीक ओहमसाठीच गुंडाळलेला असतो. तिथे ४ म्हणजे ४ आणि ८ म्हणजे ८. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा: व्हॉल्व्हचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्ट चढतात आणि तो फुटतो. तो ट्रान्सफॉर्मर महाग असतो आणि लवकर मिळत नाही.

दोन स्पीकर असतील तर हिशेब असा. दोन सारखे स्पीकर शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडले, तर ओहम निम्मे होतात. एकामागून एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले, तर दुप्पट. फेंडर कंपनीच्या 'ट्विन रिव्हर्ब' या नावाजलेल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचे उदाहरण घ्या. त्यात ८ ओहमचे दोन १२ इंची स्पीकर पॅरलल असतात, म्हणून अँप्लिफायरला दिसतात ४ ओहम. एखाद्या स्टीलवादकाला ते दोन काढून एकच १५ इंची बसवायचा असेल, तर तो ४ ओहमचाच हवा. जुन्या स्पीकरवर '८' लिहिलेले पाहून कुणी ८ चा आणला, तर फसला. म्हणून स्पीकरवरचा आकडा वाचून थांबू नका. अँप्लिफायरच्या मागच्या पट्टीवरचाही वाचा.

दुसरा आकडा वॅटचा. यात फसवणूक सगळ्यात जास्त.

डब्यावर मोठ्या अक्षरात '१००० वॅट' लिहिलेले असते आणि शेजारी बारीक अक्षरात 'पी.एम.पी.ओ.' असते. तो आकडा विसरून जा. त्याला कसलेच ठाम मोजमाप नाही. 'पीक' म्हणजे क्षणभर सोसता येणारा जोर. 'प्रोग्राम' हा साधारणपणे खऱ्या आकड्याच्या दुप्पट लिहितात. आपल्याला हवा तो 'आर.एम.एस.' किंवा सतत सोसण्याचा आकडा. बैल चढावर एकदा किती ओढतो ते नव्हे, दिवसभर किती ओढतो ते विचारायचे.

स्टील गिटारला हा आकडा अँप्लिफायरच्या आकड्याएवढा तरी हवाच, आणि जास्त असला तर उत्तम. कारण ऐका. वादकाच्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारे पेडल असते. तार छेडताना तो ते अर्धेच दाबतो, आणि तार विझू लागली की हळूहळू दाबत जातो. त्यामुळे सूर लांबतो, गवयाने श्वास राखून लावलेल्या सुरासारखा. पण पेडल पूर्ण दाबलेले असताना मध्येच एखादी तार जोरात छेडली गेली, तर तो सगळा धक्का स्पीकरवर येतो. साठा राखून ठेवलेला असेल तरच तो स्वच्छ वाजतो. अमेरिकेतल्या पीव्ही कंपनीने पेडल स्टीलच्या वादकांसाठी 'नॅशव्हिल ४००' नावाचा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर काढला होता. तो ४ ओहमवर २१० वॅट देई आणि त्यात एकच १५ इंची स्पीकर असे. एका वाद्यासाठी २१० वॅट! कानठळ्या बसवण्यासाठी ते नव्हते. स्वच्छपणाचा साठा म्हणून ते होते.

तिसरा आकडा डेसिबलचा. हा कुणी विचारत नाही, आणि पैसे वाचतात ते इथेच.

एक वॅट वीज दिली आणि एक मीटरवर आवाज मोजला, तर तो किती भरतो, त्याला स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात. एखाद्याची ९४ डेसिबल, एखाद्याची ९७, एखाद्याची १००. तीन-तीनचा फरक बघून माणूस म्हणतो, 'एवढेसे काय ते!' पण डेसिबलचा हिशेब निराळा आहे. दर ३ डेसिबलला विजेची ताकद दुप्पट लागते, आणि १० डेसिबलला दहापट. म्हणजे ९७ चा स्पीकर १०० वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ९४ च्या स्पीकरला २०० वॅट लागतील. आणि मोटारगाडीतला ८७ डेसिबलचा बास स्पीकर लावलात, तर १००० वॅट! म्हणजे स्वस्तात मिळालेला कमी डेसिबलचा स्पीकर हा स्वस्त नसतोच. बोळ्याने दूध पाजून पैलवान तयार करण्यातला तो प्रकार.

आता वरचा ओहमचा मुद्दा पुन्हा आठवा. समजा, त्या २१० वॅटच्या अँप्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर मिळेना आणि बाजारात ८ चाच आहे. ताकद निम्म्याच्या थोडी वर येईल, म्हणजे आवाज सुमारे अडीच-तीन डेसिबलने पडेल. पण नवा स्पीकर जुन्यापेक्षा ३ डेसिबल जास्त संवेदनक्षम असेल, तर जमाखर्च बरोबर! असा विचार करता आला, की दुकानात 'हाच घ्यावा लागेल' असे ऐकून मान डोलवावी लागत नाही. हा पर्याय फक्त ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला, बरं का.

मात्र एक मेख ध्यानात ठेवा. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर न मोजता २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला त्याचे १ वॅट होते, पण ४ ओहमला २ वॅट होते. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा आयताच ३ ने फुगतो. छापील कागदावर 'एक वॅट, एक मीटर' आहे की '२.८३ व्होल्ट', हे पाहून मगच तुलना करावी.

हे तीन आकडे जुळले, की आकार आणि बाजाकडे वळायचे.

१५ इंची घ्यावा की १२ इंची? हे वाद्य किती खाली उतरते त्यावर ठरते. अमेरिकन पेडल स्टीलवर दोन लावण्या जास्त चालतात. 'ई नाईन' लावणीत सगळ्यात खालची तार सुमारे १२३ कंपनांची, म्हणजे फार खर्जातली नव्हे. ती १२ इंची स्पीकरवर चांगली वाजते. 'सी सिक्स' लावणीत खालची तार सुमारे ६५ कंपनांपर्यंत उतरते. तिला १५ इंची स्पीकरचा भरदारपणा हवा. आपल्याकडच्या साध्या मांडीवरच्या गिटारला पेटी वाहायला हलकी हवी असेल, तर चांगला १२ इंची पुरतो.

पण वरच्या सुरांकडेही पाहा. मंडपातल्या मोठ्या पेटीत जो १५ इंची बास स्पीकर असतो, त्याच्या जोडीला वरच्या सुरांसाठी वेगळा हॉर्न असतो. तो बास स्पीकर एकटा काढून गिटारला लावला, तर दोन-तीन हजार कंपनांच्या वर तो मुका होतो आणि वाद्य घोंगडी पांघरून वाजवल्यासारखे ऐकू येते. उलट देवळावरचा कर्णा लावला, तर खर्ज नाहीसा होऊन नुसता चिरका आवाज राहतो. आपल्याला मधला हवा: खाली खर्ज राखणारा आणि वर चार-पाच हजार कंपनांपर्यंत जाणारा, वाद्यासाठी म्हणून बनवलेला स्पीकर. जे.बी.एल. कंपनीचा 'डी १३०' हा १५ इंची स्पीकर यासाठीच स्टीलवादकांचा लाडका ठरला. जेम्स लान्सिंग यांनी तो १९४०च्या दशकाच्या अखेरीस काढला. त्याचे वेटोळे चार इंच व्यासाचे, चपट्या तारेचे, आणि मधली टोपी अॅल्युमिनियमची. त्यामुळे तो संवेदनक्षमही होता आणि वरचे सूरही लखलखीत देई. पुढे एमिनन्स या अमेरिकन कंपनीने खास पेडल स्टीलसाठी १२ आणि १५ इंची स्पीकर काढले.

चुंबकाबद्दल बाजारात बऱ्याच दंतकथा आहेत. जुन्या स्पीकरांत अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे चुंबक असत, त्यांना 'अॅल्निको' म्हणतात. १९७८ साली आफ्रिकेतल्या झाईरमध्ये, जिथून पुष्कळ कोबाल्ट येई, लढाई पेटली. कोबाल्टचे भाव भडकले आणि कारखानदार फेराइटकडे वळले. फेराइट स्वस्त, पण जड. पुढे १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत नियोडिमियमचे चुंबक तयार झाले. ते अगदी लहान आकारात जोरदार असतात. १५ इंची फेराइटचा स्पीकर सहा ते नऊ किलो भरतो, नियोडिमियमचा चारेक किलो. पेटी एस.टी.च्या टपावर चढवणाऱ्या आणि रात्री दोनला उतरवणाऱ्या वादकाच्या कमरेला हा फरक चांगला कळतो. पण चुंबकाचे नाव ऐकून आवाज ठरवू नका. आवाज ठरतो शंकू, वेटोळे आणि चुंबक यांच्या मेळाने. शक्य असेल तर आपले वाद्य, आपला अँप्लिफायर घेऊन जा आणि ऐका. दोन तारा एकत्र छेडून सावकाश मींड घ्या, मग तीच जोरात घ्या. जोरात घेताना सूर गढूळ झाला नाही, तर तो स्पीकर आपला.

आता बसवणे. '१५ इंची' हे माप बाहेरच्या कडेचे असते; फळीतले भोक साधारण पावणेचौदा ते चौदा इंचांचे लागते. जुन्या स्पीकरचे बोल्ट चार होते की आठ, ते मोजा. मागची खोलीही मोजा, कारण मोठे चुंबक आतल्या ट्रान्सफॉर्मरला टेकता कामा नये. बोल्ट आवळताना बैलगाडीच्या चाकावर धाव बसवल्यासारखी एकाच बाजूने घाई करू नये. समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. चौकट वाकली की वेटोळे घासू लागते आणि नवा स्पीकर पहिल्याच दिवशी खरखरतो.

दोन स्पीकर असतील तर त्यांचे शंकू एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला, तर दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात. इथेही आपला सेलच कामाला येतो. ज्या टोकाला सेलची घुंडी लावल्यावर शंकू बाहेर येतो, ते टोक धन. रंगाच्या खुणेवर विसंबू नका, जुन्या जे.बी.एल. स्पीकरांत ही खूण आजच्या रीतीच्या उलट असे. आणि नवा स्पीकर पहिले काही तास मध्यम आवाजातच वाजवावा. शंकूची कड कोऱ्या चपलेसारखी कडक असते, ती जरा सैल होऊ द्यावी.

शेवटचा मुद्दा, नवा घ्यावा की जुना दुरुस्त करावा? चुंबक आणि चौकट चांगली असेल, आणि मूळ स्पीकर उत्तम जातीचा असेल, तर नवे वेटोळे आणि नवा शंकू घालून घेणे हा पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो. पीव्हीच्या 'ब्लॅक विडो' स्पीकरांत तर शंकू-वेटोळ्यासह पुढची सगळी चौकट स्क्रू काढून बदलता येते. पण कारागिराला विचारा: शंकू मूळ जातीचाच घालणार ना? मिळेल तो कागद चिकटवला तर स्पीकर वाजेल, पण वाद्याचा गळा बदलेल. साध्या, स्वस्त स्पीकरवर मात्र असा खर्च करू नये.

तर मंडळी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्याआधी एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवा. अँप्लिफायर व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा. त्याच्या पट्टीवरचे ओहम. त्याचे खरे वॅट. स्पीकर एक की दोन, आणि ते कसे जोडलेले. भोकाचा व्यास, बोल्टांची संख्या, मागची खोली. दुकानात विचारायचे प्रश्न तीन: ओहम किती, सतत सोसण्याचे वॅट किती, एक वॅटला डेसिबल किती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न देणारा दुकानदार वाईट असतो असे नाही, पण त्याच्याकडून छापील कागद मागून घ्यावा. आणि कागद समाधानकारक वाटला, तरी शेवटचा शब्द आपल्या कानाचा.

वादकाचे आयुष्य सूर लावण्यात जाते. तो सूर मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोहोचवणे, एवढेच या कागदाच्या शंकूचे काम. ते काम त्याला नीट करता यावे म्हणून एक दिवस मोजमापात घालवला, तर तो वाया जात नाही.